वडावरचं वटवाघूळ, वारुळावरची अळंबी

प्रश्न: आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी प्रकल्पासाठी गावातल्या वडावरची मोठी वटवाघळं आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही जोडी निवडली आहे. तक्त्यात एका बाजूला ‘प्राणी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वनस्पती’ असं लिहिलं होतं. एका पालकांनी ते चूक असल्याचं सांगितलं. नक्की काय लिहायचं? आणि या दोघांची तुलना करण्यासारखं काही आहे का, की जोडीच बदलावी?
– एक शिक्षिका, कुडाळ

उत्तर: जोडी मुळीच बदलू नका. पालकांचं म्हणणं बरोबर आहे, तेवढी ‘वनस्पती’ खोडा आणि तिथे ‘कवक’ लिहा. कवकांची सृष्टी वेगळी आहे. अळंबीत हरितद्रव्य नसतं, ती उन्हातून अन्न बनवत नाही. तिच्या पेशींची भिंत झाडासारखी सेल्युलोजची नसून कायटिनची असते. झुरळाचं, खेकड्याचं कवच ज्यापासून बनतं, तेच हे कायटिन. झाड जास्तीची साखर स्टार्चच्या रूपात साठवतं. अळंबी ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि वटवाघळाचं यकृतही तेच करतं.

मुलांना थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. वड, वटवाघूळ आणि अळंबी या तिघांची वंशावळ मांडली तर अळंबी वडाच्या जवळ बसत नाही, ती वटवाघळाच्या जवळ बसते. प्राणी आणि कवकं यांचा पूर्वज एक होता आणि वनस्पतींचा फाटा त्याआधीच वेगळा झाला होता. त्या पूर्वजाच्या पेशीला मागच्या बाजूला एकच शेपटी होती. ती खूण आजही प्राण्यांच्या शुक्राणूंत दिसते आणि बेडकांना रोग करणाऱ्या कायट्रिड नावाच्या कवकांच्या पोहणाऱ्या बीजाणूंतही दिसते. तक्त्याच्या मधोमध ही तीन फांद्यांची आकृती काढा, बाकीचे रकाने तिच्याभोवती येऊ द्या.

नावं नीट लिहा. वडावरचं मोठं वटवाघूळ म्हणजे टेरोपस मीडियस. जुन्या पुस्तकांत ते टेरोपस जायगँटियस या नावाने सापडेल. वारुळावरच्या अळंबीची प्रजात टर्मिटोमायसिस. हे नाव रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये दिलं. पुढे १९७९ मध्ये दक्षिण भारतातल्या एका जातीला त्यांच्यावरूनच टर्मिटोमायसिस हाइमी असं नाव मिळालं. आपल्याकडे या प्रजातीच्या अनेक जाती उगवतात. जातीची खात्री नसेल तर फक्त प्रजातीचं नाव लिहिणं प्रामाणिकपणाचं.

आता तुलना. पहिला रकाना शरीराचा करा. वटवाघूळ दिसतं तेवढंच आहे: वजन साधारण ६०० ग्रॅम ते दीड किलो, पसरलेल्या पंखांची लांबी १.२ ते १.५ मीटर. अळंबीचं तसं नाही. आपण जी छत्री खुडतो ती झाडाच्या फळासारखी. खरं शरीर म्हणजे पांढऱ्या तंतूंचं जाळं, आणि ते वारुळाच्या पोटात वाळवीने बांधलेल्या करड्या, स्पंजासारख्या पोळ्यावर वर्षभर जगत असतं. वाळवी वाळलेलं लाकूड आणि पालापाचोळा खाऊन त्याच्या विष्ठेतून हे पोळं बांधते. लाकडातलं लिग्निन वाळवीला पचत नाही, ते कवक फोडतं. मग वाळवी कवकाच्या पांढऱ्या गाठी आणि जुनं झालेलं पोळं खाते. म्हणजे पचन शरीराबाहेर आणि सावकाश. वटवाघळाचं याच्या उलट: फळ तोंडात चेंगरायचं, रस गिळायचा, चोथ्याची गोळी थुंकायची. जे पोटात जातं ते साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतं. उडणाऱ्याला पोटात ओझं परवडत नाही.

दुसरा रकाना संततीचा, आणि आमच्या मते सगळ्या तुलनेचं मर्म इथेच आहे. वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. गर्भ साधारण पाच महिने वाढतो, पिल्लं फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि पहिले काही आठवडे आईच्या पोटाला चिकटूनच असतात. अळंबीची एक उघडलेली टोपी कोट्यवधी बीजाणू सोडते. एका वडावर २०० वटवाघळं आहेत आणि त्यांतल्या निम्म्या माद्या आहेत असं धरा. सगळ्या व्यायल्या तरी वर्षाला १००च पिल्लं, आणि त्यातलीही सगळी जगत नाहीत. एप्रिलमध्ये कुणी २० माद्या मारल्या तर त्यांची २० पिल्लंही जातात. ही तूट भरायला वर्षं लागतात. वारुळावरून मात्र पोळं न दुखावता छत्र्या काढल्या आणि काही उघडू दिल्या, तर खालचं शरीर शाबूत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा फळतं. दोन्ही रानातलेच जीव, पण किती काढलेलं सोसेल याचं उत्तर दोघांसाठी एक नाही.

तिसरा रकाना जागेचा, आणि इथे मात्र दोघं अगदी सारखे. वटवाघळांची वस्ती वड, चिंच, आंबा, अर्जुन अशा उंच, जुन्या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अळंबी दर वर्षी त्याच वारुळावर येते. झाड तोडलं किंवा वारूळ जेसीबीने सपाट केलं की त्या गावापुरता विषय संपतो. तुमच्या भागात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात आणि देवरायांमधली मोठी झाडं तोडत नाहीत. या दोन रूढींनी दोघांचंही घर राखलं आहे. मुलांना गावातल्या जाणत्यांशी बोलायला लावा, तक्त्यात हेही यायला हवं.

प्रश्न: वटवाघळं अळंबी खातात का? दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?
– एक विद्यार्थी, दापोली

उत्तर: मोठं वटवाघूळ अळंबी खात नाही. त्याचा आहार फळं, फुलांतला मध, पाकळ्या आणि थोडी पानं. उंबर, वड, पिंपळ ही त्याची आवडती.

संबंध आहे, पण आडवळणाचा. वटवाघळं मोहासारख्या झाडांचं परागीभवन करतात आणि उंबर-वडाच्या बारीक बिया दूरवर टाकतात. त्यातून उभ्या राहिलेल्या झाडांचा पाचोळा आणि वाळक्या काटक्या वाळवी नेते आणि त्यावर अळंबीचं पोळं पोसलं जातं. दुसरा धागा किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांचा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी थव्याने बाहेर पडते, तेव्हा ही वटवाघळं तिच्यावर ताव मारतात. वाचलेल्या नर-मादीच्या जोड्या जमिनीत नवं वारूळ सुरू करतात. बहुतेक जातींत या जोड्या कवक सोबत नेत नाहीत. त्यांचे पहिले कामकरी बाहेरून पाचोळा आणतात, त्याला चिकटून अळंबीचे बीजाणू येतात आणि नव्या पोळ्यावर रुजतात. म्हणून छत्र्या उघडण्याला महत्त्व: सगळ्या कळ्याच खुडल्या तर नव्या वारुळांना बीजाणू कुठून मिळणार?

प्रश्न: वारुळावरची अळंबी आणि विषारी भूछत्र यांत फरक कसा ओळखायचा? घरी सांगतात की चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडली नाही तर खायला हरकत नाही.
– एक वाचक, डिचोली, गोवा

उत्तर: नाणं, लसूण, हळद, ‘किडे खातात म्हणजे चालतं’, यांपैकी एकही खूण खरी नाही. सर्वांत घातक विष, म्हणजे अमॅटॉक्सिन, चांदीला काळं करत नाही, शिजवल्याने नष्ट होत नाही आणि चवीलाही वाईट लागत नाही. या समजुतींवर विसंबणं आजपासून सोडा.

पाहायचं ते हे. आधी जमीन: वारुळाची अळंबी वारुळावर किंवा जमिनीखाली वारूळ आहे अशा जागी येते. एका छत्रीभोवतीची माती बोटाने हळूच सैल करा. दांडा जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा खोल जातो, कधी ३० सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त, थेट पोळ्यापर्यंत. पोळ्यापर्यंत खणू नका. दांडा निमुळता होत खाली गेलेला दिसला की पुरे. विषारी अमॅनिटाचा दांडा तळाशी फुगीर असतो आणि त्याला पिशवी किंवा वाटी असते. नुसती वरून खुडली तर ही वाटी जमिनीतच राहते आणि ओळख चुकते. बरेच घात इथेच होतात.

मग टोपी. टर्मिटोमायसिसच्या टोपीच्या मध्यावर माती फोडून वर यायला कठीण, बहुधा गडद टोक असतं. दांड्यावर कडं आहे की नाही यावर मात्र निर्णय देऊ नका. हाइमीला कडं असतं, इतर काही जातींना नसतं, आणि विषारी भूछत्रांनाही असतं.

शेवटी बीजाणूंचा ठसा. दांडा कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा. वर वाटी पालथी घाला. रात्रभर राहू द्या. ठसा फिकट गुलाबीसर आला तर टर्मिटोमायसिसशी जुळतं. हिरवट आला तर ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, हिरवळीवर येणारं मोठं पांढरं भूछत्र. ते खाल्लं की एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. ठसा शुभ्र आला तर अमॅनिटाची शंका धरा आणि टोपल्याच टाकून द्या. टोपी फार कोवळी किंवा सुकलेली असली तर ठसा येतच नाही. ठसा आला नाही याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा घेऊ नका.

तिन्ही खुणा जुळल्या तरी ती जात ओळखणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नका. वाचून ओळखणं पुरेसं नाही.

विषबाधेत वेळ फार बोलते. उलट्या सहा तासांच्या आत सुरू झाल्या तर बहुधा विष पोटापुरतं असतं. सहा ते चोवीस तासांनी सुरू झाल्या तर अमॅटॉक्सिनची भीती. त्यात दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि लोक दवाखान्यात जायचं टाळतात, त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. वेगवेगळी भूछत्रं एकत्र खाल्ली असतील तर लवकरची उलटीही दिलासा देत नाही. कोणत्याही परिस्थितीत थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि उरलेली कच्ची अळंबी, नसेल तर शिजवलेली भाजी, कागदात गुंडाळून सोबत न्या.

प्रश्न: विदर्भात आम्ही सात्या म्हणतो. बाजारात चांगला भाव मिळतो. धिंगरी अळंबीसारखी ही शेडमध्ये पिकवता येईल का? आणि रानातून काढताना काय काळजी घ्यावी?
– एक बचत गट, गोंदिया

उत्तर: पिकवता येणार नाही. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढवता येतात, पण व्यापारी प्रमाणावर छत्र्या देणारी पद्धत हाती आलेली नाही. वाळवीने बांधलेलं पोळं, त्यावरची राखण, वारुळातला ओलावा आणि कर्ब वायूचं प्रमाण, हे सगळं पिशवीत जमवता येत नाही. ‘सात्याचं बियाणं’ म्हणून कुणी पाकिटं विकत असेल तर पैसे घालवू नका. शेडसाठी धिंगरीच योग्य.

काढताना दांडा जमिनीलगत धारदार सुरीने कापा. हिसका देऊन ओढलं तर मुळासारखा भाग पोळ्याचा तुकडा घेऊन वर येतो, आणि त्याच पोळ्यातून येऊ पाहणाऱ्या मागच्या कळ्या मरतात. कुदळ वापरूच नका. प्रत्येक वारुळावर चार-पाच पूर्ण उघडलेल्या छत्र्या राहू द्या. वारुळात कीटकनाशक किंवा रॉकेल ओतलेलं असेल तर तिथली सात्या खाऊ नका, विकूही नका. वाळवी मेली की पोळ्यावर दुसरी बुरशी चढते आणि ती जागा कायमची बंद होते.

नेताना प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात घाम सुटून काही तासांत चिकट होते. बांबूची टोपली, खाली-वर पळसाची पानं. काढल्या दिवशीच विका किंवा शिजवा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही काढणं वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा हद्द आधी वनरक्षकाकडून समजून घ्या.

प्रश्न: आमची चिकूची बाग आहे. वटवाघळं फळं खातात. फटाके आणि जाळी दोन्ही वापरून झाले. वर निपाहची भीती. झाडावरची वस्ती हाकलून लावावी का?
– एक बागायतदार, डहाणू

उत्तर: हाकलू नका. पूर्वी फळं खाणारी वटवाघळं वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून मोठ्या वटवाघळाला दुसऱ्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मारणं, पकडणं गुन्हा ठरतो. आणि उपयोगही नाही: वस्ती विखुरली की तीच वटवाघळं शेजारच्या चार झाडांवर बसतात आणि रात्री बागेत येतातच.

फटाक्यांना ती दोन-चार रात्रींत सरावतात. जाळीचा दोष बहुधा जाळीच्या जातीत असतो. सैल, पातळ नायलॉनची मोठ्या डोळ्यांची जाळी फळ वाचवत नाही, उलट तिच्यात वटवाघूळ अडकून पंख फाटतो. पांढरी, विणलेली, डोळा ५ मिलिमीटरहून लहान अशी जाळी घ्या. सोपी परीक्षा: करंगळी आत गेली तर डोळा मोठा. झाडावर नुसती टाकू नका, कारण टेकलेल्या जाळीतून वटवाघूळ बाहेरूनच फळ चावतं. बांबूच्या सांगाड्यावर ताणून बसवा आणि खाली जमिनीपर्यंत आणा. सगळी बाग झाकणं परवडत नसेल तर आधी वस्तीकडच्या कडेची झाडं घ्या. चिकू तयार पण कडक असताना उतरवून घरात पिकवतातच. झाडावर पिकायला राहिलेली चुकार फळं दर दोन दिवसांनी काढली तर वटवाघळांचं येणं बरंच घटतं. त्यांना वास पिकलेल्या फळाचा येतो.

निपाहबद्दल घाबरायचं नाही, पण शिस्त पाळायची. हा विषाणू टेरोपस वटवाघळांच्या लाळेत आणि मूत्रात असू शकतो. मलेशियात १९९८-९९ मध्ये आणि केरळात कोझिकोडला २०१८ मध्ये साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत संसर्गाच्या खुणा मिळाल्या, पण ती वटवाघळं गुहेत राहणारी, वेगळ्या जातीची होती. उष्टी, चावलेली, खाली पडलेली फळं माणसांनी खाऊ नयेत, डुकरांनाही घालू नयेत. चांगलं फळ धुऊन, सोलून खा. तुमच्या भागात ताडी-नीरा निघते म्हणून हे मुद्दाम: बांगलादेशात बराचसा संसर्ग खजुरीच्या कच्च्या रसातून झाला, कारण रात्री वटवाघळं खाचेवरचा रस चाटतात. तिथे खाच आणि मडकं बांबूच्या पट्ट्यांच्या झापाने झाकतात. तोच उपाय इथेही करा.

प्रश्न: ‘बुरशीमुळे अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली’ असं वाचलं. मग वडाखाली अळंबी उगवली तर ती उपटून टाकावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. ती बुरशी अळंबी नव्हे, छत्री न येणारं सूक्ष्म कवक आहे. उत्तर अमेरिकेत २००६ मध्ये ती प्रथम दिसली. हिवाळ्यात थंड गुहांत झोपी गेलेल्या, अंग गार पडलेल्या वटवाघळांच्या नाकावर आणि पंखांवर ती वाढते. साधारण २० अंशांच्या वर तिची वाढ थांबते. आपलं मोठं वटवाघूळ हिवाळी झोप घेत नाही आणि उघड्या झाडावर राहतं. वडाखालची अळंबी त्याला काहीही करत नाही.

प्रश्न: मुलांना वडावरची वटवाघळं मोजायची आहेत. पद्धत काय? आणि उन्हाळ्यात पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर?
– वर पत्र दिलेल्या कुडाळच्या शिक्षिका

उत्तर: सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी झाडापासून किमान ३० मीटरवर, पश्चिमेच्या उजळ आकाशाकडे तोंड करून दोन गट बसवा. झाडाखाली थांबायचं नाही, वरून मूत्र आणि विष्ठा पडते. टाळ्या, फ्लॅश, ड्रोन काही नको. दिवसा उठवलेली वस्ती पिल्लं टाकते. प्रत्येक गटाने उडून जाणारी वटवाघळं स्वतंत्र मोजायची, दहा-दहाच्या गाठीने, अंधार पडेपर्यंत. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर ती मोजणी बाद. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजून सरासरी घ्या. पावसात मोजू नका. अळंबीसाठी त्याच वहीत वारुळांना क्रमांक द्या आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला छत्र्यांची संख्या व पाऊस लिहा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांकडे गेला की वटवाघळं पंखांनी वारा घेतात, अंगाला लाळ लावतात, मग खालच्या फांद्यांवर उतरतात. अशा दिवशी झाडाजवळ वावर बंद ठेवा. पिल्लू किंवा मोठं वटवाघूळ खाली पडलं तर मुलांनी हात लावायचा नाही. मोठ्यांनी जाड हातमोजे आणि टॉवेल वापरून ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवावं. तोंडात दूध-पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. ते चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.